परका हात

प्राध्यापकांचा ठसा कुणी घ्यायचा नाही, ही मागणी माझी. चार वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या सभागृहात माईक बंद पडला, तेव्हा मी खुर्चीवर चढून घसा फोडून ती केली होती. "आम्ही शिकवणारी माणसं आहोत. आमची परीक्षा यंत्रानं घ्यायची नाही!" टाळ्या पडल्या, घोषणा झाल्या आणि दीड महिन्यात परिपत्रक निघालं: विद्यार्थ्यांना ठसा सक्तीचा, प्राध्यापकांना सूट. संघटनेनं मला शाल-श्रीफळ दिलं. श्रीफळाची दुसऱ्याच दिवशी चटणी झाली. शाल कपाटात आहे, पण ती अंगावर घ्यायची आता माझी हिंमत होत नाही.

मी अरविंद कुंभोजे. कोल्हापूरपासून तासाभरावर असलेल्या एका तालुक्याच्या गावी गेली सव्वीस वर्षं भूगोल शिकवतो. सर तापट आहेत पण मुलांसाठी धावून जातात, असं माझ्याबद्दल बोललं जातं. दोन्ही खरं आहे. त्यातलं तापट असणं तसं निरुपद्रवी निघालं. घोटाळा केला तो धावून जाण्यानं.

२०३४ साली विद्यापीठानं संगणकाचा वेगळा विषयच बंद केला. कारण सगळ्यांनाच माहीत होतं. मागच्या वर्षीचं जर्नल मिळवायचं, जसंच्या तसं उतरवायचं, आणि शेवटच्या दिवशी सरांनी गठ्ठ्यावर सह्या ठोकायच्या, ही आपली जुनी रीत. मुलं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची आणि पहिल्याच नोकरीत साधा तक्ता करताना घाम फुटायचा. म्हणून ठरलं की डिजिटल कौशल्य ज्याच्या त्याच्या विषयातूनच शिकवायचं. इतिहासाच्या मुलांनी मोडी कागद यंत्राकडून वाचून घ्यायचे आणि यंत्राच्या चुका काढायच्या. मराठीच्या मुलांनी बोलींचे आवाज जमवून त्यांचा कोश बांधायचा. भूगोलाच्या मुलांनी उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करायचे. आणि हे सगळं खरंच कुणाला येतंय, ते बघायला आली 'पारख'.

पारखमागचं शास्त्र सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पडद्यावर काम करताना माणसाच्या पाहण्यात आणि करण्यात एक फट असते. कधी सेकंदाचा काही भाग, कधी काही सेकंद. संशोधकांनी तिला 'थबक' म्हटलं. लाखो माणसांच्या थबकी मोजल्यावर त्यांना दिसलं की न समजता करणारा माणूस बटण शोधताना थांबतो, आणि जिथं विचार करायला हवा तिथून बिनधास्त पुढं जातो. समजून करणाऱ्याचं उलटं. त्याचा हात बटणांवरून सरसर फिरतो, आणि 'हा नदीचा काठ आहे की झाडांची सावली' असा प्रश्न आला की तो थबकतो. माणूस कुठं थांबतो यावरून त्याला काय कळलंय ते सांगता येतं. यंत्राकडून आयतं उत्तर आणून डकवणाराही यात सापडतो, कारण त्याच्या कामात थबक नसतेच.

दुसरी गोष्ट अशी की प्रत्येकाच्या थबकण्याला आपापली लय असते. लांबून येणारा माणूस आपण चालीवरून ओळखतो, तसंच हे. या लयीलाच सगळे ठसा म्हणू लागले. तीन वर्षांच्या कामातून विद्यार्थ्याचा ठसा तयार होतो आणि नोकरी देणारे गुणपत्रिकेआधी तो मागवतात.

हे असलं यंत्र आपल्यावर नको म्हणून मी ओरडलो होतो. तेव्हा मला वाटलं होतं की मी स्वाभिमानासाठी ओरडतोय.

यंदाच्या मार्चमध्ये मालिनी तेरदाळे मॅडमनी मला बोलावलं. या आमच्या कौशल्य कक्षाच्या प्रमुख. वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलणं मोजकं.

"सर, तस्लीम मुल्लाणीचा अहवाल आलाय. बसा जरा."

"उभा बरा आहे. काय म्हणतो अहवाल?"

"तिच्या नकाशाच्या कामात अडतीस टक्के परका हात आहे."

मी बसलो.

तस्लीम तिसऱ्या वर्षाची. वडील मांडव घालायचं काम करतात. २०१९ च्या पुरात ती तीन वर्षांची होती. मांडवाच्या बांबूंचा तराफा करून वडिलांनी तिला वाडीतून बाहेर काढलं होतं. ही गोष्ट तिनं मला पहिल्या वर्षी सांगितली होती, आणि नंतर कधी त्या गोष्टीचं भांडवल केलं नाही. वर्गात कमी बोलायची, पण नकाशा समोर आला की मान तिरकी करून असं बघायची की जणू त्यात कुणीतरी ओळखीचं उभं आहे. जिल्ह्याच्या पूरनकाशा कक्षात तिची निवड झाली होती. पाणी चढायच्या आधी कुठल्या वाडीत ते पहिलं शिरेल हे सांगणारी माणसं तिथं बसतात. अख्ख्या जिल्ह्यातून दोघांना घेतलं होतं आणि त्यात आमची एक. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते.

"आधी कसं नाही दिसलं हे?" मी विचारलं.

"परका हात शोधायची चाळणी सगळ्यांना लावत नाहीत, सर. नोकरीसाठी ठसा मागवला तरच लावतात. तिचा मागवला." मॅडमनी अहवालाचं पान उलटलं. "हात एकाच माणसाचा आहे. सरावलेला आहे. पुढच्या सोमवारी चौकशी समिती बसेल. खुलासा झाला नाही तर निवड रद्द, आणि पदवीही अडकेल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिथून तसाच विभागात आलो आणि तस्लीमला बोलावणं धाडलं.

ती आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं की तिला पत्र मिळालंय.

"कुणाकडून करून घेतलंस?"

"बाहेरच्या कुणाकडनं न्हाई, सर."

"मग काय भूत येऊन नकाशे काढून गेलं? अगं, अडतीस टक्के! मी गावभर पेढे वाटले तुझ्या नावानं. काय कमी पडलं होतं तुला? अडलं की मी यायचो की नाही मदतीला?"

"येत होता, सर."

"मग? नाव सांग त्याचं."

ती टेबलावर ठेवलेल्या माझ्या हातांकडं बघत उभी राहिली. मला वाटलं शरमेनं मान खाली घातलीय. मी अजून बराच वेळ बोललो. विश्वासघात वगैरे मोठे शब्द वापरले. आज ते आठवले की कानशिलं गरम होतात.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना म्हटलं, मला ते काम बघायचंय. पारख प्रत्येक विद्यार्थ्याचं काम जसं झालं तसं पुन्हा चालवून दाखवते. मॅडमनी कासारी नदीचा सराव लावला. तस्लीमचा बाण पडद्यावर निळा होता. तो काही क्षण फिरला, थांबला, आणि मग लाल झाला. लाल म्हणजे परका हात.

लाल बाण सुसाट खाली गेला, चिखलीच्या संगमावर टेकला आणि तिथून नदी उलटी काढत वर निघाला. यवलूज, बाजारभोगाव, थेट गजापूरच्या डोंगरापर्यंत. मग एक कळ दाबली गेली आणि बाण पुन्हा निळा झाला.

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

संगणकाच्या नकाशात नदी ही नुसती रेघ नसते. ती ज्या टोकापासून ज्या टोकाकडे काढली, तीच पाण्याची दिशा असं संगणक धरतो. म्हणून नदी उगमाकडून संगमाकडे काढायची, हा पहिला धडा. मी तो दरवर्षी फळ्यावर लिहितो. स्वतः मात्र उलटा जातो. आमच्या गुरुजींनी आम्हाला नदी शिकवली ती संगमापासून वर चालवत नेऊन. प्रत्येक फाट्यावर थांबवून विचारायचे, 'बोला, मोठा प्रवाह कुठला?' पायांना लागलेली ती सवय माझ्या हातात उतरली. रेघ पुरी झाली की मी एक कळ दाबून दिशा फिरवतो आणि मोकळा होतो. माझ्या माहितीत असं काम करणारा दुसरा माणूस नाही.

"सर," मॅडम पडद्याकडंच बघत म्हणाल्या, "हा हात ओळखीचा वाटतो का?"

"नाही," मी म्हटलं.

"वेळा बघा. सगळ्या मंगळवारी नाहीतर गुरुवारी, अकरा ते एक. तुमचं प्रात्यक्षिक असतं तेव्हाच्या."

"मग वर्गातलाच एखादा हुशार पोरगा असेल."

हे मी बोललो. स्वतःला वाचवायला मी एका न जन्मलेल्या पोरावर आळ ढकलला. मॅडमनी 'बरं' म्हटलं आणि पडदा बंद केला. प्राध्यापकांचा ठसा मागायचा त्यांना अधिकार नव्हता. तो मीच काढून घेतला होता.

त्यानंतर मला कुठं बसवेना. वर्गावर गेलो की खिडकीकडं आणि खिडकीकडून फळ्याकडं येरझाऱ्या. जेवायला बसलो की घास हातात राहायचा. निवृत्तीला दोन वर्षं होती. खरं सांगितलं तर मूल्यमापनाचा अधिकार जाणार, संघटनेत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, आणि ज्या मुलांनी मला देव मानलं त्यांना कळणार की देवानं नवस फेडून घेतले पण दिलं काहीच नाही. मला भीती वाटत होती. नोकरीची नव्हे, शरमेची. आणि सोमवार जवळ येत होता.

शनिवारी संध्याकाळी बायको, शोभना, सोफ्यावर बसून फोनशी झटत होती. बहिणीला भाचीच्या बारशाचे फोटो पाठवायचे होते. एका जागी अडली. मी उठलो, तिच्या हातातून फोन घेतला, फोटो पाठवले आणि फोन परत दिला. सगळं दहा सेकंदांत.

"झालं," मी म्हटलं.

"तुमचं झालं," ती म्हणाली. "अहो, वीस वर्षं झाली, तुम्ही मला असंच शिकवताय. बँकेचं, गॅसचं, रेल्वेचं. दाखवता कधी? करूनच टाकता. मला काय येतं सांगू? तुम्हाला हाक मारता येते."

ती चिडून बोलली नव्हती. उठून वरणाला फोडणी द्यायला गेली. मी मात्र तिथंच उभा राहिलो. माझा उजवा हात अजून पुढंच होता.

रविवारी सकाळी मी तस्लीमच्या वाडीवर गेलो. तिचे वडील अंगणात झालरी वाळत घालत होते. सर घरी आलेले बघून त्यांची धांदल उडाली, खुर्ची पुसली, चहा ठेवायला सांगितला. त्यांना वाटलं मी पोरीच्या बाजूनं काही चांगली बातमी घेऊन आलोय. मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही.

तस्लीम बाहेर आली. मी तिला ओढ्याच्या बाजूला नेलं.

"तुला माहीत होतं तो हात कुणाचा ते."

तिनं मान डोलावली.

"मग सांगितलं का नाहीस? मी तुला एवढं बोललो तेव्हा तरी!"

"कसं सांगू, सर? तुमच्याच टेबलासमोर उभं राहून तुमचंच नाव घेऊ?" आमच्याकडच्या मुली बोलताना 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात, तिचंही तसंच. "मी अडलो की तुम्ही यायचा. 'सरक गं' म्हणायचा. मी सरकायचो. तुम्ही भराभरा करून दावायचा, मी बघत बसायचो. सगळ्यांचंच तसं होतं. आम्हाला बरं वाटायचं, सर. दुसऱ्या विभागातले सर तर जागेवरनं उठतबी न्हवते."

"आणि मी उठत होतो," मी म्हटलं.

"एक सांगू का?" तिचा आवाज बारीक झाला. "निवड झाल्यापास्नं मी रोज घरी नकाशा काढून बघतोय. कधी जमतंय, कधी न्हाई. ते पत्र आल्यापास्नं तर मला येतंय का न्हाई, हेच मला कळंना झालंय. यंत्र म्हणतंय अडतीस टक्के मी न्हवेच. मग कक्षात बसल्यावर एखाद्या वाडीचं पाणी मी चुकवलं, तर?"

चोरीचा आळ परवडला असता, मी तिची स्वतःवरची खात्रीच काढून घेतली होती, आणि तीसुद्धा मायेनं.

सोमवारी समितीसमोर तस्लीम बसायच्या आधी मी आत गेलो. विद्यापीठाचे दोन सदस्य आणि तेरदाळे मॅडम होत्या. मी म्हटलं, माझा ठसा घ्या. एका सदस्यानं परिपत्रकाची आठवण करून दिली. "ते परिपत्रक माझ्याच ओरडण्यानं निघालंय," मी म्हटलं. "सूट मला आहे. ती मी घेत नाही."

वीस मिनिटं त्यांनी दिलेला नकाशा काढला. ओळख पटायला पहिली चार मिनिटंच लागली. मग नियमाप्रमाणे चाळणी माझ्या तिन्ही वर्षांच्या विद्यार्थ्यांना लावली गेली. अठ्ठावन्न जणांपैकी छप्पन्न जणांच्या कामात मी सापडलो. तस्लीमचे अडतीस टक्के त्यातले कमीच होते; पहिल्या वर्गात आलेल्या एका पठ्ठ्याच्या कामात एकसष्ट टक्के मी होतो. जे दोघं सुटले त्यातला एक कधी वर्गात यायचाच नाही, आणि दुसरी मुलगी डावखुरी होती. तिचा माऊस डाव्या बाजूला असायचा, तो मला घेता यायचा नाही.

अहवालाच्या शेवटी एक ओळ होती. मॅडमनी ती वाचली नाही, कागद माझ्याकडं सरकवला. विद्यार्थी थांबल्यापासून परका हात येईपर्यंतचा सरासरी वेळ: अकरा सेकंद.

मी ती ओळ दोनदा वाचली. सव्वीस वर्षं मी समजत होतो की मुलांसाठी मी जिवाचं रान करतो. कुणालाही मी बारावा सेकंद दिला नव्हता. गुरुजी फाट्यावर उभं करून वाट बघायचे. कधी ऊन डोक्यावर यायचं, तरी बोलायचे नाहीत. त्यांची उलटी वाट तेवढी मी उचलली, थांबणं तिथंच सोडून आलो.

निकाल असा लागला: तस्लीमवर ठपका नाही, पण कौशल्य सिद्ध झालेलं नाही, तिनं शुक्रवारी एकटीनं परीक्षा द्यायची. बाकीच्यांनी सुट्टीत सगळी प्रात्यक्षिकं पुन्हा करायची. माझा मूल्यमापनाचा अधिकार दोन वर्षांसाठी गेला, म्हणजे कायमचाच. बातमी कॉलेजभर झाली. संघटनेच्या अध्यक्षांचा फोन आला, "कुंभोजे, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास, वर आमच्याही." पोरांनी विभागाच्या दारावर कागद चिकटवला: 'सरक गं – प्रा. कुंभोजे'. तो मी काढला नाही. अक्षर चांगलं होतं.

शुक्रवारी प्रयोगशाळेत तस्लीम एकटी बसली. विषयशिक्षकानं हजर राहायचं, अशी नियमात सोय होती. मॅडमनी मला तिच्या मागं सहा फुटांवर खुर्ची दिली. "बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि उठायचं नाही, सर."

मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

विद्यापीठानं तिनं कधी न पाहिलेली नदी दिली होती, कोकणातली, खेडजवळची जगबुडी. दोन तासांत नदी आणि तिचे ओढे काढायचे, त्यावर संगणकातला पाऊस पाडायचा आणि पहिल्यांदा पाणी कुठं शिरेल ते सांगायचं.

तस्लीमनं मान तिरकी केली. बाण खाली गेला, वाशिष्ठीच्या संगमावर टेकला आणि वर निघाला.

ती माझ्यासारखी काढत होती! फळ्यावरचा धडा राहिला बाजूला, तीन वर्षं जे बघितलं तेच हातानं उचललं होतं. शेवटची कळ तिला माहीत होती का? मी ती इतक्या झटक्यात दाबायचो की मागं बसलेल्याला दिसणं शक्यच नव्हतं. तासभर ती वर वर चढत गेली. एकेक फाटा निवडला, काठ आणि सावली वेगळी केली, रेघ डोंगरापर्यंत नेली. काम देखणं होतं. मग कळ न दाबता तिनं पाऊस पाडला.

पडद्यावरचं निळं पाणी खाडीकडून उठलं आणि सह्याद्री चढायला लागलं.

तस्लीमचा हात थांबला.

मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. अकराला माझे खांदे आपोआप पुढं झुकले. बारा. एक कळ होती फक्त, कोपऱ्यातली! वीस. तीस. ती हलत नव्हती. मांडीखाली माझी बोटं वळवळत होती. साठ. घड्याळात पंचेचाळीस मिनिटं उरली होती आणि ही पोरगी पुतळ्यासारखी बसलेली. नव्वद. मला वाटलं ती रडतेय. वाटलं, सगळं संपलं आणि ते मी संपवलं. एकशे वीस. तिनं हळूच ओठ हलवले, काहीतरी पुटपुटली. बोटानं हवेत एक रेघ ओढली, वरून खाली. मग खालून वर. पुन्हा वरून खाली. त्या वेळी माझ्या लक्षात आलं की एवढ्या वर्षांत विद्यार्थी विचार करताना कसा दिसतो ते मी बघितलेलंच नाही. दोनशे. दोनशे चाळीस.

ती खुर्चीत ताठ झाली. कळबिळ शोधली नाही. तासाभराचं सगळं काम तिनं पुसून टाकलं आणि बाण डोंगरावर, उगमावर नेऊन ठेवला.

या खेपेला तिचा हात माझ्यासारखा चालत नव्हता. सावकाश, पाण्याच्या बाजूनं, ओढे गोळा करत खाली आला. खेडच्या वरच्या अंगाला एका ओढ्याशी ती पुन्हा थांबली आणि मघाशी चुकून दुसऱ्या खोऱ्यात घातलेला तो ओढा योग्य जागी जोडला. तीन मिनिटं उरली असताना पाऊस पडला. पाणी खाली आलं, वळणावर तुंबलं आणि एका छोट्या वस्तीत शिरलं. तस्लीमनं त्या वस्तीभोवती गोल केला आणि हात मांडीवर ठेवले.

मॅडमनी अहवाल यायची वाट बघितली. तो यायला दहा मिनिटं लागली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"उत्तीर्ण. परका हात शून्य." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ती मधे अडकली होती ना, सर, तेवढ्या एका जागेवर पारखनं तिला सगळ्यात जास्त गुण दिलेत."

तस्लीम खुर्चीतून उठली. आधी हसली, मग डोळे पुसले, आणि मग एकदम माझ्यावर उखडली. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"मी अडलेलो दिसत न्हवतो व्हय तुम्हाला?"

"दिसत होतीस."

"मग गप बसून काय करत होता?"

"मोजत होतो."

"किती झालं?"

मांडीखालचे हात मी बाहेर काढले. ते पार बधिर झाले होते.

"दोनशे एकेचाळीस," मी म्हटलं.